शिकलेले किती टिकते? फार्मसीच्या विद्यार्थ्यांची संगणकीय प्रगती-चाचणी

१. प्रगती-चाचणी म्हणजे काय

अभ्यासक्रमातल्या सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांची एकाच वेळी, संपूर्ण अभ्यासक्रमावर आणि एकाच पातळीची परीक्षा घ्यायची. वर्षातून दोन ते चार वेळा नव्या प्रश्नांनिशी ती पुन्हा घ्यायची. आणि प्रत्येकाचे गुण क्रमाने एका आलेखावर मांडत जायचे, या पद्धतीला प्रगती-चाचणी म्हणतात. पदवी हातात पडेल त्या दिवशी विद्यार्थ्याला जे यायला हवे, त्या पातळीचे प्रश्न या चाचणीत असतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यातले बहुतेक येत नाहीत आणि यावेत अशी अपेक्षाही नसते. चार वर्षांत त्याचा आलेख कसा चढतो, कुठे सपाट होतो आणि कुठे चक्क खाली येतो, हे पाहणे हा चाचणीचा हेतू असतो.

फार्मसीच्या शिक्षणात ही पद्धत विशेष उपयोगी ठरते. औषधनिर्मात्याचे काम विषयवार वाटलेले नसते. खिडकीपाशी चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र आणि कायदा हे सगळे एकदमच समोर ठेवतो. त्या क्षणी उपयोगी पडते ते डोक्यात उरलेले ज्ञान. कोणत्या सत्रात किती गुण पडले होते, याला तिथे काही अर्थ नसतो.

२. सत्र परीक्षा काय मोजते

भारतात बी. फार्म. हा आठ सत्रांचा अभ्यासक्रम आहे. भारतीय फार्मसी परिषदेच्या योजनेप्रमाणे लेखी विषयाच्या १०० गुणांपैकी ७५ गुण सत्राअखेरच्या परीक्षेला, १५ सत्रातल्या लेखी चाचण्यांना आणि १० सातत्यपूर्ण मूल्यमापनाला असतात. उत्तीर्ण होण्यासाठी ५० टक्के लागतात. एकदा ते मिळाले की त्या विषयाचा पेपर पुन्हा द्यावा लागत नाही. महाविद्यालयांत त्याला ‘विषय सुटला’ असे म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.

पहिल्या सत्रातल्या ‘फार्मास्युटिक्स-१’ मध्ये विद्यार्थी मात्रेची गणिते, मुलांच्या मात्रेची सूत्रे आणि वेगवेगळ्या तीव्रतेची द्रावणे मिसळण्याचे गणित शिकतो. हेच गणित त्याला रुग्णालयाच्या औषध विभागात लागते, पण ‘फार्मसी प्रॅक्टिस’ हा विषय येतो सातव्या सत्रात. मधल्या अडीच वर्षांत ते गणित कुणीच विचारत नाही. पहिल्या सत्राची गुणपत्रिका खरीच असते, मात्र ती त्या सत्रापुरतीच खरी असते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये विस्मरणाचे पहिले पद्धतशीर मोजमाप प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळाने तेच पुन्हा पाठ करायचे आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचे, ही त्याची रीत होती. प्रयोग त्याने स्वतःवरच केले. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के श्रम वाचत होते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या वेगाने विसरला जात नाही, पण वक्राचा आकार तसाच असतो: सुरुवातीला तीव्र घसरण आणि मग दीर्घ, मंद झीज. सत्राअखेरची परीक्षा या वक्राच्या टोकावर, म्हणजे पाठांतर ताजे असतानाच घेतली जाते. वक्राचा पुढचा भाग तिच्या कक्षेतच येत नाही.

३. उगम

प्रगती-चाचणीची कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे रुजली: अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या वैद्यकीय विद्यालयात आणि नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला. मास्ट्रिख्टचे वैद्यकीय विद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले आणि पहिल्यापासून त्याचे शिक्षण समस्याधारित होते. विद्यार्थी लहान गटांत एखाद्या रुग्णाची समस्या घेऊन बसत आणि काय वाचायचे ते स्वतः ठरवत. नेहमीच्या परीक्षा ठेवल्या असत्या तर समस्या बाजूला राहून सगळे परीक्षेच्याच तयारीला लागले असते. म्हणून जिच्यासाठी घोकंपट्टी करताच येणार नाही, अशी परीक्षा हवी होती. विनांट वाइनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. पुढे सेस फान देर फ्लॉइटेन यांच्यासारख्या संशोधकांनी तिचा शास्त्रीय पाया पक्का केला.

मास्ट्रिख्टची चाचणी वर्षातून चार वेळा होते. सहा वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणात एक विद्यार्थी २४ वेळा ती देतो. पुढे इतर डच विद्यापीठे त्यात सामील झाली आणि प्रश्न तयार करण्याचा भार वाटला गेला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने आणि बर्लिनच्या शारिते रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्याशाखेने आपापल्या प्रगती-चाचण्या उभ्या केल्या. या सगळ्यांचे तत्त्व एकच आहे. पुस्तकाचे कोणते प्रकरण विचारले जाईल हे ठाऊक नसले की आदल्या रात्रीच्या अभ्यासाचा फायदा नगण्य होतो आणि नियमित वाचणाऱ्याचे काही बिघडत नाही.

४. ‘माहीत नाही’ हे उत्तर

प्रगती-चाचणीच्या मूळ रचनेत ‘माहीत नाही’ हा अधिकृत पर्याय होता. तो निवडल्यास शून्य गुण, बरोबर उत्तराला एक गुण आणि चुकीच्या उत्तराला वजावट. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर दोनशे प्रश्न ठेवून सगळ्यांची उत्तरे सक्तीने घेतली, तर निव्वळ अंदाजानेच चौथा हिस्सा बरोबर येईल आणि आलेखाची सुरुवातच खोटी होईल. ‘माहीत नाही’मुळे ती खऱ्या पातळीवरून होते.

वजावट किती असावी यामागे साधे गणित आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून खूण करणाऱ्याला सरासरीने शून्य मिळावे, असे ठरवले तर चुकीच्या उत्तरामागे एक तृतीयांश गुण वजा करावा लागतो. एका काल्पनिक उदाहरणात फरक स्पष्ट दिसेल. दोनशे प्रश्नांपैकी एका विद्यार्थिनीची ९६ उत्तरे बरोबर, २४ चूक आणि ८० ‘माहीत नाही’. तिचे गुण ९६ वजा ८, म्हणजे ८८. तिच्या शेजाऱ्याची १०४ बरोबर, ७८ चूक आणि १८ ‘माहीत नाही’. त्याचे गुण १०४ वजा २६, म्हणजे ७८. निव्वळ बरोबर उत्तरे मोजली तर तो पुढे. चुका धरल्या तर ती.

पदव्युत्तर प्रवेशासाठी २०१० पासून होणाऱ्या जीपॅट परीक्षेत १२५ प्रश्न आणि ५०० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तरामागे एक गुण वजा. चारही पर्यायांतला एकही बाद करता येत नसताना खूण केली, तरी दर प्रश्नामागे सरासरी पाव गुण पदरात पडतोच. म्हणजे इथली वजावट अंदाजाला आळा घालते, पण पूर्ण थांबवत नाही. निवड परीक्षेला ते चालून जाते. ज्ञानाची वाढ मोजायची असेल तर तेवढी ढिलाईही त्रासदायक ठरते.

वजावटीवर एक आक्षेपही आहे. सावध स्वभावाचा विद्यार्थी येत असलेली उत्तरेही सोडून देतो आणि धाडसी विद्यार्थी अर्धवट माहितीवर गुण मिळवतो. त्यामुळे चाचणीत ज्ञानाबरोबर स्वभावही मोजला जातो. दुसरीकडे, औषधाच्या व्यवसायात आपल्याला काय येत नाही हे ओळखणे ही स्वतंत्र पात्रता आहे. ज्याला मात्रेची खात्री नाही आणि तरीही जो बाटलीवर चिठ्ठी चिकटवतो, तो संदर्भग्रंथ उघडून पाहणाऱ्यापेक्षा धोकादायक असतो.

५. फार्मसीतली वाटचाल

अमेरिकेत फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी या कल्पनेची तीन रूपे आढळतात. पहिले रूप संचयी चाचणीचे. ह्यूस्टन विद्यापीठाच्या फार्मसी महाविद्यालयाने ‘माइलमार्कर’ नावाच्या चाचण्या सुरू केल्या. तोवर शिकवलेल्या सगळ्या विषयांवर, रुग्णांच्या उदाहरणांतून प्रश्न विचारायचे आणि मागच्या वर्षाचे ज्ञान पुढच्या वर्षी उरले आहे का ते पाहायचे, असे त्यांचे स्वरूप होते. मैलाच्या दगडाचे नाव त्याला साजेसेच आहे.

दुसरे रूप राष्ट्रीय तुलनेचे. तिथल्या राज्य फार्मसी मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २००८ मध्ये ‘पीसीओए’ ही अभ्यासक्रम-फलिताची चाचणी सुरू केली. २२५ प्रश्न, त्यांपैकी २०० गुणांसाठी आणि २५ पुढच्या वापरासाठी अजमावून पाहण्याकरता. विषयांची वाटणीही ठरलेली: पायाभूत जीववैद्यकीय शास्त्रे १० टक्के, औषधविज्ञान ३३, सामाजिक व प्रशासकीय भाग २२ आणि रुग्णसेवेशी निगडित शास्त्रे ३५ टक्के. अमेरिकी मान्यता परिषदेच्या २०१६ च्या मानकांनी वर्गातले शिक्षण संपत आलेल्या विद्यार्थ्यांना ही चाचणी देणे बंधनकारक केले. काही महाविद्यालये ती पहिल्या आणि दुसऱ्या वर्षीही घेत, म्हणजे एकाच मोजपट्टीवरचे दोन-तीन बिंदू हाती येत.

तिसरे रूप परवाना परीक्षेचे. ‘नॅप्लेक्स’ ही अमेरिकी परवाना परीक्षा १९९७ मध्ये संगणकावर आली, तीही उत्तरागणिक प्रश्न बदलणाऱ्या रूपात. २०१६ मध्ये ते रूप सोडून २५० प्रश्नांचा ठरावीक संच आणि सहा तासांचा अवधी, अशी तिची फेररचना झाली. परवाना परीक्षा शिक्षणाच्या शेवटी एकदाच होते, त्यामुळे तिच्यात प्रगती दिसत नाही. पण तिचा निकाल आणि आधीच्या वर्षांतला आलेख शेजारी ठेवला, तर कोणता विद्यार्थी अडखळेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. त्याला हात देण्याची खरी वेळ तीच असते.

६. दोन प्रश्न, जवळून

प्रगती-चाचणीची सगळी भिस्त प्रश्नाच्या घडणीवर असते. एक नमुना असा: हृदयाच्या दुर्बलतेसाठी डिगॉक्सिन घेणाऱ्या वृद्ध रुग्णाला पायावरच्या सुजेसाठी फ्युरोसेमाइड सुरू केले. दोन आठवड्यांनी त्याला मळमळू लागले, वस्तूंभोवती पिवळसर वलये दिसू लागली आणि नाडी अनियमित झाली. फ्युरोसेमाइडमुळे रक्तात झालेल्या कोणत्या बदलाने ही लक्षणे बाहेर काढली? पर्याय: युरिक आम्ल वाढणे, पोटॅशियम घटणे, साखर वाढणे, क्लोराइड घटणे.

हे चारही बदल फ्युरोसेमाइडमुळे घडू शकतात. ज्याने दुष्परिणामांची यादी तोंडपाठ केली आहे, त्याला त्या यादीचा इथे काही उपयोग नाही. डिगॉक्सिन पेशीच्या आवरणातल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटते, तिथे पोटॅशियमशी त्याची स्पर्धा असते, आणि पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनला मोकळे रान मिळते, ही साखळी ज्याला जोडता येते तोच ‘पोटॅशियम घटणे’ निवडतो. पंप पहिल्या सत्रातल्या शरीरक्रियाशास्त्रात येतो, दोन्ही औषधे पाचव्या सत्रातल्या औषधशास्त्रात येतात आणि असा रुग्ण समोर येतो सातव्या सत्रात. चार वर्षांच्या विद्यार्थ्यांची उत्तरे शेजारी ठेवली की साखळीची कोणती कडी कधी जोडली गेली आणि कधी निसटली, ते कळते.

दुसरा नमुना गणिताचा. ९० टक्के आणि ३० टक्के अल्कोहोल मिसळून ५० टक्क्यांचे ६०० मिली द्रावण करायचे आहे. ९० टक्क्यांचे किती घ्यावे? मिसळताना होणारे आकुंचन बाजूला ठेवले तर ५० वजा ३० म्हणजे २० भाग तीव्र द्रावणाचे आणि ९० वजा ५० म्हणजे ४० भाग सौम्य द्रावणाचे. प्रमाण एकास दोन, म्हणून उत्तर २०० मिली. चुकीचे पर्याय इथे भरताड म्हणून घालायचे नसतात. ४०० मिली निवडणाऱ्याला रीत येते, पण तो भाग उलटे लावतो आणि त्याचे द्रावण ७० टक्क्यांचे होते. ३०० मिली निवडणारा निम्मे-निम्मे मिसळून मोकळा होतो आणि ६० टक्क्यांचे द्रावण करतो. पहिल्याला एक आकृती पुन्हा काढून दाखवली की पुरे. दुसऱ्याला रीतच नव्याने शिकवावी लागते. कागदी परीक्षेत दोघांच्याही वाट्याला शून्य येते. संगणक मात्र कोणी कोणता पर्याय निवडला याची नोंद वर्षानुवर्षे ठेवतो.

७. संगणक नेमके काय करतो

प्रगती-चाचणी कागदावर सुरू झाली आणि कित्येक वर्षे कागदावरच चालली. संगणक आल्याने तत्त्व बदलले नाही, पण तीन कामे शक्य झाली.

पहिले काम प्रश्नपेढीचे. वर्षाला तीन चाचण्या, प्रत्येकीत २०० प्रश्न, असा हिशेब धरला तर चार वर्षांत एका विद्यार्थ्यासमोर २,४०० प्रश्न येतात. पेढीतल्या प्रत्येक प्रश्नाला विषय, सत्र, काठिण्य आणि मागच्या वापराचा इतिहास अशी ओळख जोडलेली असते. चाचणीचा आराखडा दिला की संगणक ठरलेल्या प्रमाणात प्रश्न निवडतो. प्रश्नांना औषधांप्रमाणे मुदतही असते. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून २०२२ मध्ये रॅनिटिडीन वगळले गेले; त्या यादीवर आधारलेला जुना प्रश्न त्या दिवशी बाद झाला. पेढी वेळोवेळी तपासली नाही तर मुदत संपलेल्या गोळीसारखा तो प्रश्न शेल्फवर तसाच पडून राहतो.

दुसरे काम मोजपट्टी स्थिर ठेवण्याचे. या वेळी ४२ टक्के आणि पुढच्या वेळी ४८ टक्के मिळाले, तर विद्यार्थी सुधारला की पेपर सोपा होता? याचे उत्तर देणारे गणित डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश याने १९६० मध्ये मांडले. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड आणि इतरांनीही त्याच धर्तीचे सिद्धांत विकसित केले. प्रश्नाचे काठिण्य आणि विद्यार्थ्याची क्षमता एकाच मापावर ठेवायची आणि दोन चाचण्यांत काही प्रश्न समान ठेवून त्यांच्या आधारे मोजपट्ट्या जुळवायच्या, ही त्यातली मुख्य गोष्ट. समान प्रश्न इथे नांगरासारखे काम करतात.

पर्सेंटाइलने हे काम होत नाही. एमएचटी-सीईटी ही महाराष्ट्रातली प्रवेश परीक्षा २०१९ पासून संगणकावर, अनेक पाळ्यांमध्ये होते आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. वेगवेगळ्या पाळ्यांतल्या उमेदवारांची एकमेकांशी तुलना करायला ते ठीक आहे. पण पहिल्या वर्षी ७० पर्सेंटाइल आणि तिसऱ्या वर्षीही ७० पर्सेंटाइल मिळवणाऱ्या विद्यार्थिनीचे ज्ञान दुप्पट झाले असेल किंवा जागच्या जागी असेल. आकडा तोच राहील. पर्सेंटाइल रांगेतली जागा सांगते. रांग किती पुढे सरकली हे त्यातून कळत नाही.

तिसरे काम अनुकूली चाचणीचे. ज्या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्याला येण्याची शक्यता साधारण निम्मी असते, त्या प्रश्नातून त्याच्या क्षमतेची सर्वाधिक माहिती मिळते. फार सोपे आणि फार अवघड प्रश्न वेळ खातात. म्हणून मध्यम प्रश्नाने सुरुवात करून बरोबर उत्तर आल्यास पुढचा अवघड आणि चुकल्यास सोपा, असे संगणक दर पावलाला ठरवतो आणि अंदाज पुरेसा अचूक झाला की थांबतो. प्रगती-चाचणीत पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर पदवीच्या पातळीचे दोनशे प्रश्न येतात. त्यांतल्या बहुतेकांवर ‘माहीत नाही’ची खूण करताना त्यांचा जो हिरमोड होतो तो अनुकूली रूपात टळतो. डच प्रगती-चाचणीनेही अलीकडच्या वर्षांत हाच मार्ग धरला आहे. त्यासाठी पेढी मोठी हवी आणि प्रत्येक प्रश्न आधी शेकडो विद्यार्थ्यांवर अजमावलेला हवा. एका महाविद्यालयाच्या बळावर ते होत नाही.

८. आलेख कसा वाचावा

प्रत्येक गुणाभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतो. निम्मे प्रश्न येणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत २०० प्रश्नांच्या चाचणीत हा पट्टा दोन्ही बाजूंना साधारण साडेतीन टक्क्यांचा आणि ५० प्रश्नांच्या चाचणीत सात टक्क्यांचा असतो. दोन चाचण्यांतला फरक काढताना दोन्हींची अनिश्चितता एकत्र होते. दोनशे प्रश्नांच्या चाचण्यांतही ती पाच टक्क्यांवर जाते. त्यामुळे ४२ वरून ४५ वर गेलेल्या विद्यार्थ्याचे अभिनंदन किंवा ४५ वरून ४२ वर आलेल्याची कानउघाडणी, दोन्ही घाईचे ठरते. चार-पाच बिंदूंची दिशा पाहावी. एका बिंदूवर निर्णय घेऊ नये.

वर्गाचा आलेख वाचताना आणखी एक चूक होते. आजच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षांची सरासरी ओळीने मांडली की चढता आलेख दिसतो आणि तो प्रगतीचा पुरावा वाटतो. पण या चार वेगवेगळ्या तुकड्या आहेत. चौथ्या वर्षापर्यंत मागे पडलेले, एटीकेटीत अडकलेले आणि शिक्षण सोडून गेलेले विद्यार्थी गळालेले असतात. उरलेल्यांची सरासरी कुणी काही न शिकताही वाढते. खरी प्रगती पाहायची तर त्याच विद्यार्थ्यांचा चार वर्षे माग काढावा लागतो. संगणकीय नोंदींमुळे हे काम क्लिष्ट राहत नाही.

विषयवार आलेखांतून अभ्यासक्रमाचेही परीक्षण होते. एखाद्या विषयाची रेषा शिकवलेल्या सत्रात उंच जाऊन पुढच्या वर्षी कोसळत असेल, तर तो विषय नंतर कुठेच वापरला जात नाही, असा निष्कर्ष निघतो. त्यावर दोनच उपाय असतात: पुढच्या विषयांत त्याचा वापर आणावा किंवा तो खरोखर लागतो का याचा फेरविचार करावा. शिकवूनही रेषा कधी वरच गेली नसेल, तर प्रश्न शिकवण्याचा आहे.

९. चाचणीने शिकणे

परीक्षा ही ज्ञानाची मोजणी असते, तशीच ती ज्ञान पक्के करण्याची रीतही असते. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून मग आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटले: दोनदा वाचलेल्यातले ४२ टक्के आठवत होते, आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के.

वर्षातून तीनदा जुने विषय आठवायला लावणारी चाचणी हेच काम करते. पण त्यासाठी निकालाबरोबर स्पष्टीकरण मिळायला हवे. केवळ एक आकडा हाती आला तर चाचणी मोजणीपुरतीच राहते. प्रत्येक प्रश्नामागे बरोबर उत्तर का बरोबर आणि बाकीचे का चूक, याच्या दोन-तीन ओळी असतील आणि त्या त्याच दिवशी दिसत असतील, तर विद्यार्थी तेव्हाच सावरतो.

१०. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात

भारतात संगणकीय परीक्षा फार्मसीला नव्या नाहीत. प्रवेशाला सीईटी आहे, पदव्युत्तर शिक्षणाला जीपॅट आहे, आणि पदविकाधारकांसाठी फार्मसी परिषदेने २०२२ मध्ये निर्गम परीक्षेचे विनियम आणले. त्यात तीन पेपर आणि प्रत्येकात किमान ५० टक्के अशी अट आहे. या सगळ्या परीक्षा दारावरच्या आहेत, आत येताना किंवा बाहेर पडताना द्यायच्या. मधल्या वर्षांत आत काय घडते, यावर त्यांतून प्रकाश पडत नाही.

प्रगती-चाचणी सुरू करताना पहिली अडचण जागेची येते. साठ प्रवेशक्षमतेच्या बी. फार्म. महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी असतात. संगणक कक्षात साठ यंत्रे धरली तर चार पाळ्या होतात. एकच संच चारही पाळ्यांना दिला तर दुपारपर्यंत तो मोबाइलवर फिरू लागतो. म्हणून प्रत्येक पाळीला समान आराखड्याचा, पण वेगळा संच लागतो आणि ओझे पुन्हा प्रश्नपेढीवर येते. डच विद्यापीठांप्रमाणे दहा-पंधरा महाविद्यालयांनी पेढी सामायिक ठेवली, तर प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला वर्षाला मोजकेच प्रश्न येतात, आणि ते दुसऱ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्याने तपासल्याखेरीज पेढीत जात नाहीत.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला औषधशास्त्र येत असते, पण ‘खालीलपैकी कोणते नाही’ अशा वळणाचा इंग्रजी प्रश्न तो उलटा वाचतो. एकूण गुण सारखे असलेल्या दोन गटांना एखाद्याच प्रश्नात फार वेगळे यश मिळत असेल, तर दोष बहुधा प्रश्नात असतो. संगणकीय विश्लेषणात असे प्रश्न वेगळे काढता येतात. उत्तराला लागलेल्या वेळेची नोंदही मदत करते. लांबलचक प्रश्नावर वेळ दुप्पट आणि छोट्या प्रश्नावर सारखाच लागत असेल, तर अडचण बहुधा वाचनाची असते.

तिसरी अडचण हेतूची. चाचणीचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले की गाईड निघतात, शिकवण्या लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे कुणी उरत नाही. अजिबात धरले नाहीत तर विद्यार्थी दहा मिनिटांत खुणा करून उठतात. अनेक ठिकाणी काढलेला मध्यममार्ग असा: एका चाचणीवर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायचे नाही, पण वर्षभराच्या चाचण्यांचा एकत्रित निकाल पाहायचा आणि मागे राहिलेल्यांना दंडाऐवजी मार्गदर्शक द्यायचा.

११. मर्यादा

अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेच्या चार पायऱ्या मांडल्या: माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखवणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी पहिल्या दोन पायऱ्यांपुरतीच पोचते. मलम एकजीव झाले की नाही, चिठ्ठीवरचे अस्पष्ट अक्षर पाहून डॉक्टरांना फोन करायचा की नाही, इनहेलर कसा ओढायचा हे आजीबाईंना समजेल असे सांगता आले की नाही, हे पडद्यावर कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा, तोंडी परीक्षा, रुग्णालयातली निरीक्षणे आणि वेळ लावून घेतलेल्या कौशल्य-चाचण्या लागतातच.

मात्र वरच्या दोन पायऱ्या खालच्या दोन पायऱ्यांवर उभ्या असतात. ज्याला पोटॅशियम आणि डिगॉक्सिनचा संबंध चौथ्या वर्षीही आठवतो, तो चिठ्ठी वाचताना थांबण्याची शक्यता असते. ज्याला आठवत नाही त्याला थांबायचे कारणच दिसत नाही. सत्र परीक्षेतून तो संबंध एकदा शिकला गेल्याचे कळते आणि कौशल्य-चाचणीतून तो वापरता येतो का ते कळते. मधल्या काळात तो टिकला की पुसला गेला, याची नोंद प्रगती-चाचणीत राहते.